मांजरासारखी इलंस

जानेवारीतला शनिवार. पणजीहून निघायला उशीर झाला होता आणि आमोण्याच्या पुलावर आले तेव्हा ऊन उतरून मांडवी तांबूस दिसायला लागली होती. डिचोली तालुक्यातलं आमचं घर रस्त्यापासून थोडं आत आहे. फाटकापासून अंगणापर्यंत चाळीसेक पावलांची उतरती वाट, एका बाजूला फणस, दुसऱ्या बाजूला चिऱ्याचा गडगा. महिनाभरापूर्वी घेतलेली इलेक्ट्रिक गाडी घेऊन मी पहिल्यांदाच एकटी घरी येत होते. आई सोप्यावर सूप घेऊन कुळीथ निवडत बसली होती. काचबिंदूने तिच्या दोन्ही डोळ्यांत आता उजेड आणि सावली एवढंच ठेवलंय, त्यामुळे खडे ती बोटांनीच शोधते. मी गाडी अंगणात लावली, दार ढकलून लावलं, पायरी चढले आणि तिच्या खांद्यावर हात ठेवून म्हटलं, "आई." ती अशी दचकली की सूप हातातून उडालं. सारवलेल्या जमिनीवर कुळीथ पसरले. चेहरा माझ्याकडे वळवून तिने विचारलं, "कोण?"

आवाज ओळखायला तिला एक क्षणच लागला. मग ती हसली. "गाडी इली तां माका कळलाच नाय," म्हणाली. "मांजरासारखी इलंस." आई सावंतवाडीकडची, साठ वर्षं गोव्यात काढूनही तिची बोली तिने सोडलेली नाही. आम्ही दोघींनी खाली बसून कुळीथ गोळा केले. तोवर गाडी आल्याचं कळलं नाही हे वाक्य ती आणखी दोनदा बोलली, आणि तिसऱ्यांदा त्यात हसू नव्हतं. चहा टाकायला ती उठली तेव्हा भिंतीचा आधार घेत घेत स्वयंपाकघरात गेली. मी आले की चहा तयार असायचा. त्या दिवशी तो मी आल्यानंतर पंधरा मिनिटांनी झाला. एवढंच घडलं. पण ते "कोण?" माझ्याबरोबर पणजीला आलं आणि आठवडाभर राहिलं.

चहाचं गणित आईने माझ्यासाठी बसवलेलं नव्हतं, ते मूळचं बाबांचं. बाबांचा टिपर होता. १९८९ साली कर्ज काढून घेतलेला दहा टनी. पावसाळा संपला की आमच्या रस्त्याने खाणीचे ट्रक सुरू व्हायचे ते पुढचा पाऊस येईपर्यंत. डोंगरावरून खनिज भरून नदीकाठच्या जेटीवर, तिथून बार्जमध्ये, बार्जमधून मुरगाव बंदर, पुढे जपान, नंतरच्या काळात चीन. एकामागे एक इतके ट्रक, की रस्त्याकडेच्या झाडांची पानं मे महिन्यापर्यंत विटेच्या रंगाची होत. आम्ही मुलं वह्यांवर बोटाने नाव लिहायचो आणि ते धुळीत उमटायचं. त्या सगळ्या घरघरीतून आईला बाबांचा टिपर वेगळा ऐकू यायचा. देवळाच्या वळणावर चढ आहे, तिथे बाबा दुसरा गिअर टाकत. गिअर बदलताना सायलेन्सर दोनदा फटफटे. हातातलं काम टाकून आई स्टोव्ह पेटवायला जायची. टिपर फाटकापाशी येईपर्यंत पाण्याला उकळी, बाबा पाय धुऊन आत येईपर्यंत कप भरलेला. त्यात प्रेम आहे वगैरे आमच्या घरात कोणी कधी म्हटलं नाही. पण शाळेतून आल्यावर मी आईला पाठमोरी, मान किंचित तिरकी करून उभी राहिलेली कितीतरी वेळा पाहिली आहे. ऐकण्यासाठी तिचं सगळं अंग थांबलेलं असायचं.

बाबांनंतर तिने ते ऐकणं माझ्या गाडीला लावलं. माझ्या आधीच्या पेट्रोल गाडीच्या सायलेन्सरवरचा पत्रा सैल झाला होता आणि चढावर खुळखुळत असे. तो आवळून घ्यायचं मी तीन वर्षं पुढे ढकललं. देवळाच्या वळणावरच आईला मी कळायचे.

सप्टेंबर २०१२ मध्ये राज्य सरकारने खाणी थांबवल्या आणि महिन्याभरात सर्वोच्च न्यायालयाचा आदेश आला. पुढची सगळी गोष्ट गोव्यात प्रत्येकाला आपापल्या बाजूने पाठ आहे, ती इथे सांगत नाही. मला आठवतो तो त्या वर्षीचा ऑक्टोबर. पाऊस थांबला, आणि नेहमीसारखी घरघर सुरूच झाली नाही. सकाळी पाव विकणाऱ्या पोदेराच्या भोंग्याचा पोंक पार खालच्या वाड्यावरून ऐकू यायला लागला. रात्री नाल्याचं पाणी ऐकू यायचं. पानं हिरवीच राहिली. पणजीहून आलेले पाहुणे म्हणायचे, किती छान शांत वाटतं हो तुमच्याकडे. बाबा अंगणात उभ्या असलेल्या टिपरच्या पायरीवर बसलेले असत. मध्ये एकदा खाणी थोड्याशा सुरू झाल्या, पण तोवर टिपरचे टायर जमिनीला बसले होते आणि बाबांची छाती धुळीने निकामी केली होती. त्यांना खोकला ज्या धुळीने दिला तिनेच माझी फी भरली. ही दोन वाक्यं मला अजून एका श्वासात बोलता येत नाहीत. २०१७ मध्ये ते गेले आणि पुढल्या वर्षी आम्ही टिपर भंगारात दिला.

शांततेचं मला सरसकट कौतुक नाही ते यामुळे.

तरीही इलेक्ट्रिक गाडी मी तिच्या शांततेसाठीच घेतली, हे कबूल करायला हवं. एका मैत्रिणीच्या गाडीतून रायबंदरच्या रस्त्याने एका सकाळी गेले होते. खाजणावरून, म्हणजे नदीकाठच्या खारट शेतजमिनीवरून, वारा येत होता. काच खाली होती आणि मला पाण्यावरच्या पक्ष्यांचे आवाज येत होते. गाडी चालू असताना! तिने पायाखालचं पेडल दाबलं तेव्हा गाडी गुरगुरली नाही, नुसती पुढे सरकली, होडी ढकलली की सरकते तशी. बाबांचा डावा गुडघा क्लचने गेला होता. या गाडीला क्लच नाही, गिअर बदलायचे नाहीत, कारण मोटर थांबल्या जागेवरूनच पूर्ण जोर लावू शकते. पेट्रोल इंजिनाला जोर यायला आधी फिरत राहावं लागतं, म्हणून तर क्लच आणि चार-पाच गिअरांचा सगळा संसार.

पहिल्याच खेपेला आईच्या घरी चार्जर लावला तर त्यावर लाल दिवा लागला. घराचं अर्थिंग मेलेलं होतं. पंधरा अँपिअरच्या साध्या प्लगवर गाडी तासाला जवळपास तीन युनिटं घेते. माझी बॅटरी तीस युनिटांची, म्हणजे रात्रभरात भरते. पण अर्थिंग धड नसेल तर चार्जर वीज आत घेतच नाही, आणि ते बरंच आहे. वायरमनने अंगणाच्या कडेला, तुळशीपासून दूर, खड्डा खणला. पाइप उभा केला आणि भोवती थरावर थर मीठ आणि कोळसा घातला. वीज जमिनीत सहज उतरावी म्हणून जमीन ओली आणि खारट ठेवायची, ही जुनी पद्धत. उन्हाळ्यात त्यात तांब्याभर पाणी ओतत जा, असं त्याने आईला बजावलं. आई तुळशीला पाणी घालून उरलेलं तिथे ओतते. त्या कोळशाकडे मी नंतर पुन्हा येणार आहे.

गाडी बघायला मेस्त्री आले. बाबांच्या टिपरचं इंजिन त्यांनी तीन वेळा खोललं होतं. त्यांची एक पद्धत मी लहानपणापासून पाहत आले. लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक इंजिनाला लावायचं, मूठ कानाला लावायची आणि डोळे मिटायचे. कुठला व्हॉल्व्ह वाजतोय, कुठलं बेअरिंग गेलंय, ते असं ऐकून सांगायचे. बॉनेट उघडल्यावर ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "बाय, इंजिन खंय आसा?" मी मोटरकडे बोट दाखवलं. मोठ्या कलिंगडाएवढी. "इतकीच?" त्यांनी खिशातून स्क्रू ड्रायव्हर काढला. गाडी तेव्हा चार्जिंगला लावलेली होती. टोक चार्जरच्या डब्याला लावून त्यांनी कान दिला आणि डोळे मिटले. मुंग्या चालल्यासारखं बारीक काहीतरी आहे, म्हणाले.

मला वाटलं होतं त्यांना समजावून सांगावं लागेल. उलटंच झालं. खाणी बंद पडल्यावर मेस्त्री कुळागरांतल्या, म्हणजे सुपारीच्या बागांतल्या, पंपांच्या मोटरी वाइंडिंग करून द्यायला लागले होते. थ्री-फेज त्यांना हातात पाठ. बाहेर तांब्याची वेटोळी, त्यांत तीन तारांमधून पाठोपाठ येणारी वीज, त्यामुळे वेटोळ्यांतलं चुंबकत्व गोल गोल फिरतं, आणि मधला दांडा त्याच्यामागे ओढला जातो. माझ्या गाडीत मधल्या दांड्यातच कायमचे लोहचुंबक बसवलेले आहेत, बाकी तत्त्व पंपाचंच. त्यांची अडचण वेगळी आणि नेमकी होती. "पंप एकाच स्पीडने फिरता. गाडयेची स्पीड कशी बदलता?" बॅटरीतून येणारी वीज एकाच दिशेने वाहणारी असते, तिला थ्री-फेजमध्ये बदलणारा इन्व्हर्टर नावाचा डबा मोटरच्या वर बसतो. त्याच्या आतले इलेक्ट्रॉनिक स्विच सेकंदाला हजारो वेळा उघडझाप करतात आणि फिरणारं चुंबकत्व हवं तितकं हळू किंवा जलद करतात. पंपाला खांबावरून येते ती वीज ५० हर्ट्झची, म्हणजे सेकंदाला पन्नास हेलकाव्यांची, म्हणून त्याची गती ठरलेली. गाडीला तिची वीज तिथल्या तिथे घडवून मिळते. पायाने दाबतो ते पेडल फक्त या डब्याला निरोप देतं. हे ऐकून मेस्त्रींनी बॉनेटवर हात ठेवला, बैलाच्या पाठीवर ठेवतात तसा.

बॅटरीचं मात्र त्यांना सांगताना मीच पहिल्यांदा नीट समजून घेतलं. ती गाडीच्या तळाशी, सगळ्या सीटांच्या खाली पसरलेली आहे. शेकडो किलोंची. आत लिथियमचे कण एका काठाहून दुसऱ्या काठाला ये-जा करतात. मला ते मांडवीच्या समोरासमोरच्या काठांवरच्या रायबंदर आणि चोडणसारखं वाटतं. लिथियमचा आयन, म्हणजे विजेचा भार असलेला कण, फेरीबोटीने सरळ नदी ओलांडतो. त्याचा जोडीदार इलेक्ट्रॉन, त्याला फेरीत प्रवेश नाही, मधल्या द्रवातून त्याला जाताच येत नाही, म्हणून त्याला रस्त्याने लांबचा वळसा घालून पुलावरून यावं लागतं. त्या वळशावर आपण मोटर बसवलेली आहे. जाता जाता तो ती फिरवून जातो. चार्ज करताना सगळ्यांना ढकलून परत पहिल्या काठाला आणायचं. तिथे ग्रॅफाइटच्या थरांमध्ये लिथियम जाऊन बसतं, वहीच्या पानांत मोरपीस ठेवतात तसं. काही जळत नाही, काही फुटत नाही. पेट्रोलच्या इंजिनात इंधनातल्या शक्तीचा साधारण चौथा हिस्सा चाकापर्यंत पोचतो, उरलेली उष्णता आणि आवाज होऊन जाते. आई बाबांना जी ओळखायची ती त्या वाया जाणाऱ्या हिश्श्यावरून.

गाडी घेण्याआधी मी जे वाचत सुटले त्यात मला सगळ्यात जास्त धक्का बसला तो या गाड्यांच्या वयाचा. मला वाटायचं ही आजची वस्तू. १८५९ मध्ये फ्रान्समध्ये गास्ताँ प्लान्ते यांनी पुन्हा पुन्हा भरता येणारी शिशाची बॅटरी केली. १८८१ मध्ये पॅरिसच्या रस्त्यावर गुस्ताव त्रूव्हे यांची विजेवरची तीनचाकी फिरली. माणसाने ताशी १०० किलोमीटरचा वेग रस्त्यावर पहिल्यांदा ओलांडला तो विजेच्या गाडीत, २९ एप्रिल १८९९ रोजी. बेल्जियमच्या कामिय जेनात्झी यांच्या तोफगोळ्यासारख्या त्या गाडीचं नाव होतं 'ला जामे कोंतांत', कधीही समाधान न होणारी. १९०० च्या सुमारास अमेरिकेत बनणाऱ्या गाड्यांपैकी सुमारे एकतृतीयांश विजेच्या होत्या, आणि त्या शहरातल्या बायका चालवत. धूर नाही, थरथर नाही, आणि मुख्य म्हणजे हँडल मारायचं नाही. स्वतः हेन्री फोर्ड यांच्या पत्नी क्लारा डेट्रॉइट इलेक्ट्रिक गाडी चालवायच्या. नवरा जगाला पेट्रोलच्या गाड्या देत होता आणि घरात ही. त्या बाईला आपल्या गाडीत काय काय ऐकू येत असेल, असं मला वाचता वाचता वाटलं.

हँडलचं दुखणं बाबांकडून ऐकलेलं होतं. टिपर घेण्याआधी ते एका खाणीवर जीप चालवायचे आणि थंडीत ती हँडल मारल्याशिवाय सुरू होत नसे. हँडल धरताना अंगठा कधीही मुठीसारखा आवळायचा नाही, बोटांच्याच बाजूला ठेवायचा, हे त्यांनी मला काठी हातात देऊन शिकवलं होतं. इंजिनाने उलट झटका दिला तर आवळलेला अंगठा मोडतो. त्या काळात अमेरिकेत अशाच झटक्यांनी लोकांचे हात मोडत होते. मग चार्ल्स केटरिंग यांनी बॅटरीवर चालणारा स्टार्टर केला आणि १९१२ च्या कॅडिलॅकमध्ये तो बसवला गेला. म्हणजे पेट्रोलच्या गाडीच्या पोटात एक छोटी विजेची मोटर बसली, आणि तिनेच विजेच्या गाडीला घरी पाठवलं. बाकी कारणंही होतीच. टेक्सासमध्ये तेल सापडलं होतं, गावांबाहेर रस्ते झाले आणि लोकांना लांब जायचं होतं, आणि १९१२ मध्ये पेट्रोलची गाडी ६५० डॉलरला मिळत असताना विजेची १,७५० ला होती. पण माझ्या मनात राहिली ती ती छोटी मोटर.

पुढची कित्येक दशकं या गाड्या कारखान्यांच्या आवारात, दुधाच्या रतिबाच्या व्हॅनमध्ये अशा उरल्या. १९९६ मध्ये जनरल मोटर्सने ईव्ही वन नावाची गाडी काढली. साधारण अकराशे बनवल्या. विकल्या नाहीत, भाड्याने दिल्या, आणि नंतर परत मागवून बहुतेक सगळ्या चिरडून टाकल्या. ज्यांनी त्या चालवल्या होत्या ते लोक त्या वाचवण्यासाठी आवाराबाहेर पहारा देत उभे राहिले. ते चिरडलेल्या गाड्यांचे फोटो मी फार वेळ बघू शकले नाही. आमच्या अंगणातून टिपर उचलून नेला त्या दिवशी आई सोप्यावर बसून होती आणि गॅस कटरचा आवाज सुरू झाला तेव्हा आत गेली. तिला तेव्हा थोडं दिसत होतं. पण ती बघायला नाही, ऐकायला नको म्हणून उठली असणार.

बॅटरीने गाडीला परत आणलं आणि ती बॅटरी आली कॅमेऱ्यातून, फोनमधून. स्टॅनली व्हिटिंगहॅम, जॉन गुडइनफ आणि अकिरा योशिनो या तिघांनी सत्तर-ऐंशीच्या दशकांत केलेल्या कामावर सोनीने १९९१ मध्ये लिथियम-आयन बॅटरी बाजारात आणली. २०१९ मध्ये तिघांना रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं तेव्हा गुडइनफ ९७ वर्षांचे होते. २००८ च्या टेस्ला रोडस्टरमध्ये लॅपटॉपमध्ये असतात तसले ६,८३१ छोटे सेल जोडलेले होते. आपल्याकडे बंगळुरूची रेव्हा २००१ मध्येच रस्त्यावर आली होती, तीही शिशाच्या बॅटऱ्यांवर. म्हापशाच्या बाजारात मी एक पाहिली होती, आणि माझ्यासकट सगळे तिच्याकडे खेळणं असल्यासारखे बघत होते. आज ते आठवलं की वाईट वाटतं. कोणीतरी किती आधी, किती कमी साधनांवर प्रयत्न करत होतं.

फेब्रुवारीत बेळगावला एका लग्नाला जाऊन चोर्ल्याच्या घाटाने परत येत होते. उतारावर पाय पेडलवरून काढला की गाडी आपोआप मंदावते. चाकं मोटरला फिरवायला लागतात, मोटर जनित्र होते आणि वीज बॅटरीत परत जाते. घाट उतरून खाली आले तेव्हा चार्ज वर होता त्याहून दोन टक्क्यांनी जास्त होता. मी गाडी बाजूला घेतली. घाटात एक लोड भरलेला ट्रक माझ्यापुढे होता आणि त्याचा तो ओळखीचा करपट वास अजून नाकात होता. ब्रेक लायनरचा. बाबांच्या शर्टाला यायचा तो वास. मला एकदम लक्षात आलं की आमच्या खाणीचे ट्रक भरलेले असत ते उतरताना, आणि डोंगर चढत ते रिकामे! स्वित्झर्लंडमध्ये एका सिमेंट कारखान्याच्या खाणीवर असाच एक अवाढव्य विजेचा डंपर आहे. वरून सुमारे ६५ टन दगड भरून उतरतो, उतरताना ६०० युनिटांची बॅटरी भरत येतो, आणि त्याच विजेवर रिकामा वर जातो. त्याला बाहेरून वीज जवळजवळ लागतच नाही. आमच्या डोंगरावरून नदीपर्यंत तशीच शक्ती रोज शेकडो वेळा उतरत होती, आणि तिचं आम्ही काय केलं तर लायनर जाळले. बाबा महिन्याच्या हिशेबाच्या वहीत डिझेलच्या खाली 'लायनर' लिहायचे आणि त्याखाली रेघ मारायचे. मी रस्त्याच्या कडेला किती वेळ थांबले होते कोण जाणे. मला हे त्यांना सांगायचं होतं.

आता तो कोळसा. गोव्यात आपण वापरतो त्या विजेतला मोठा वाटा बाहेरून येतो, छत्तीसगडच्या कोरबासारख्या, मध्य प्रदेशातल्या विंध्याचलसारख्या औष्णिक केंद्रांतून. हजाराहून अधिक किलोमीटरवर कोळसा जळतो तेव्हा आमच्या अंगणात गाडी भरते. २०२० मध्ये मोलेच्या जंगलासाठी लोक रस्त्यावर आले ते ज्या तीन प्रकल्पांविरुद्ध, त्यात 'गोवा-तमनार' नावाच्या प्रकल्पातली चारशे किलोव्होल्टची वीजवाहिनीही होती. माझ्याही दारावर तेव्हा 'मोले वाचवा'चा कागद चिकटवलेला होता, आणि आज मला रात्री तीस युनिटं हवी असतात. कोबाल्ट काँगोतून, लिथियम ऑस्ट्रेलियातून, चिलीच्या खारट वाळवंटातून. तिथेही खाणीच. तिथेही कुणाच्या झाडांची पानं रंग बदलत असतील, कुणाची फी भरली जात असेल, कुणाला खोकला लागत असेल. मुख्यतः कोळशाच्या विजेवर चालली तरी ही गाडी आयुष्यभरात पेट्रोलच्या गाडीपेक्षा कमी कार्बन सोडते, हा हिशेब मी तपासला आहे आणि तो मला पटतो. गाडी परत करायचा विचार माझ्या मनात नाही. छपरावर सौर पॅनल बसवायचं ठरवलंय, पावसाळ्यानंतर. पण आवाज नाहीसा झाला असं मी आता म्हणत नाही. तो आमच्या वळणावरून उठून दुसऱ्या कुणाच्या तरी वळणावर गेला आहे, आणि तिथे कोणीतरी मान तिरकी करून तो ऐकत असेल.

आवाजाचा प्रश्न फक्त माझ्या आईला पडला असं नाही. युरोपात नव्या इलेक्ट्रिक गाड्यांनी हळू जाताना, ताशी वीस किलोमीटरपर्यंत, मुद्दाम आवाज करावा असा नियमच आहे. अंध माणसांच्या संघटनांनी त्यासाठी वर्षानुवर्षं आग्रह धरला होता. हे वाचलं तेव्हा सोप्यावर पसरलेले कुळीथ पुन्हा दिसले. मी आईला म्हटलं, फाटकापाशी हॉर्न देत जाईन. तिला ते आवडलं नाही. हॉर्न परक्यांसाठी, म्हणाली, घरचं माणूस हॉर्न देत येत नाही. फोन करते म्हटलं तर, फोन तर तू पणजीहून निघतानाही करतेस. खरं होतं. बातमी कळणं वेगळं आणि येताना ऐकू येणं वेगळं.

गेल्या महिन्यात एका शनिवारी फाटक उघडलं तर वाटेवर फणसाची वाळकी पानं पसरलेली. आमच्याकडे अंगण झाडायला एक बाई येते, तिच्या हातून एक पान राहत नाही, म्हणून मला नवल वाटलं. मग कळलं, आईने तिला सांगून ठेवलं होतं की शनिवारी वाट झाडायची नाही, अंगण झाड. फणसाचं वाळलेलं पान जाड असतं, पायाखाली आलं तर पापडासारखं मोडतं. काचा खाली घेऊन मी गाडी अगदी हळू आत घेतली. चाकांखाली कड, कड, कडकड असं सुरू झालं, आणि अर्ध्या वाटेवर आतून हाक आली, "इलंस गो?" मी ओ देण्याआधीच स्वयंपाकघरात भांडं ठेवल्याचा आवाज झाला आणि पाठोपाठ गॅसच्या लायटरची टकटक. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा पेटला. आधीच्या गाडीत बसून ही टकटक मला कधीच ऐकू आली नव्हती. मी पायरीपाशी गाडी थांबवली आणि पाण्याला आधण यायला लागेपर्यंत तशीच बसून राहिले.